पाण्याच्या हिशेबात मासा लिहा

वाईपासून म्हैसाळपर्यंतच्या नदीकाठावरून आलेल्या माझ्या भोई, कोळी, मच्छीमार भावांनो आणि बहिणींनो,

हरिपूरच्या संगमाजवळ, कृष्णा आणि वारणा जिथे एकत्र येतात तिथे, आपण मला अध्यक्ष म्हणून उभे केलेत. त्याबद्दल मनापासून आभार. ते थोडक्यात मानतो, कारण आज मला भांडायचे आहे, आणि ते भांडण नीट पुराव्यानिशी मांडायचे आहे.

कृष्णेच्या पाण्याचा बचावत लवादाचा निवाडा इथल्या प्रत्येक पुढाऱ्याला तोंडपाठ आहे. महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकला ७००, आंध्र प्रदेशला ८००. निवडणूक कोणतीही असो, हे आकडे सभेत ऐकू येतातच. पण १९७६ च्या त्याच अंतिम आदेशात पाण्याचा लाभदायक वापर कशाला म्हणायचे, याचीही यादी आहे. पिण्याचे पाणी, शहरे, सिंचन, उद्योग, वीजनिर्मिती, नौकानयन, आणि त्याच ओळीत मत्स्यपालन. त्याच ओळीत, मंडळी! उसाला ज्या आदेशाने पाणी मिळाले, त्याच आदेशात मासाही बसलेला आहे. पन्नास वर्षे ती ओळ कोणी सभेत मोठ्याने वाचली नाही. आज मी वाचतो आहे. आपण इथे कोणाची दया मागायला जमलेलो नाही. जे कागदावर मिळाले आहे, ते नदीत मिळाले पाहिजे, एवढेच आपले म्हणणे आहे.

सातारा आणि सांगलीची माणसे वेगळी नाहीत. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आधी दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. स्वातंत्र्यलढ्यातले पत्री सरकार ज्या मुलखात उभे राहिले, तो हाच सलग मुलूख. आणि २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा काय झाले? हिवाळ्याच्या तोंडालाच सांगलीजवळ कृष्णेचे पात्र उघडे पडले. कोयनेतून पाणी कधी सोडायचे, किती सोडायचे, यावरून दोन्ही जिल्ह्यांचे नेते समोरासमोर आले. ताकारी उपसा योजनेला किती, टेंभूला किती, म्हैसाळला किती, विजेला किती, असा सगळा हिशेब झाला. दुष्काळी तालुक्यांचा तो हक्क आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या भांडणात कोणी एकदा तरी विचारले का, की डोहात अडकलेल्या माशांचे काय? नदीची धार तुटली की मासा उरलेल्या डोहांत गोळा होतो. तेवढे डोह वाचले तर पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा भरते. ते आटले तर वर्षानुवर्षांचे बी जाते. पाणी सोडण्याचा निर्णय ज्या कालवा सल्लागार समितीत होतो, तिथे मच्छीमाराला खुर्ची नाही. म्हणून हा प्रश्न तिथे कधी निघत नाही.

आता नदीच्या काळ्या दिवसांबद्दल बोलतो. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याच पट्ट्यात कृष्णेत माशांचे थर तरंगले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोक हळहळले, पण त्या पहाटे नदीवर काय घडते ते काठावरचा माणूसच सांगू शकतो. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होतो आणि आंबूस वास काठावरच्या घरांत शिरतो. तळाला चिखलात राहणारी वाम, जी एरवी दिवसा दिसत नाही, ती काठाला येऊन तोंड बाहेर काढते. तिच्यामागे झिंगे येतात, मग शिंगटा येतो. मोठे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा ओढतात, आणि ऊन चढेपर्यंत उलटे होतात. ज्याने रात्री जाळे लावले त्याच्या जाळ्यात मेलेला मासा असतो आणि तो विकता येत नाही, विकूही नये. पुढे कित्येक दिवस बाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही. चांगल्या तळ्यातला ताजा मासा पाटीत घेऊन बसलेल्या आपल्या बायांनाही लोक विचारतात, कृष्णेचा तर नाही ना? नदीत विष कोणी सोडले आणि बाजारात तोंड लपवायची वेळ कोणावर आली, हे बघा.

कारण गूढ नाही. साखर कारखान्यांचे मळीमिश्रित सांडपाणी, आसवनीचा स्पेंटवॉश, शहराचे न शुद्ध केलेले मैलापाणी, हे नदीत आले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे जगावेत म्हणून पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच निकष सांगतात. पात्रात पाणी कमी असताना हे घडले तर मासा तासांत गुदमरतो. सांगलीचा शेरीनाला किती वर्षे चर्चेत आहे? त्याचे सांडपाणी वळवण्याच्या धुळगावच्या योजनेवर किती वर्षे बोलणे चालले आहे? आणि आजही नदीकाठचा माणूस नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

मला लगेच सांगितले जाते, कारखान्यांविरुद्ध बोलू नका, ऊसवाला शेतकरी मरेल. ऊसवाला शेतकरी माझा शेजारी आहे, त्याच्या बांधावरून मी नदीवर जातो. कारखाना बंद करा, असे आपल्यापैकी कोणीही म्हणत नाही. स्पेंटवॉश नदीत सोडायचा नाही, हा नियम सरकारचा आहे. तो पाळायला लागणारे तंत्रही आहे, आणि ज्यांनी पाळायचा ठरवला ते पाळतात. जो पाळत नाही तो शेतकऱ्याच्या नावामागे लपतो. शेतकऱ्यालाही तेच पाणी प्यायचे आहे, त्याची जनावरेही त्याच घाटावर उतरतात. त्याला आपल्याविरुद्ध उभे करू नका.

आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी बघायला पुरात सगळे शहर जमते. ४५ फूट म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या पातळीमुळे लोक वेळेवर घर सोडतात, जीव वाचतात. मग माझी मागणी ऐका. त्याच पुलापाशी रोज सकाळी पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा लावा. तसाच कराडला प्रीतिसंगमावर, वाईच्या घाटावर, भिलवडीला, अंकलीच्या पुलाजवळ. आकडा चारच्या खाली गेला की त्याच दिवशी वरच्या अंगाला कोणी काय सोडले त्याचा शोध घ्या. आठ दिवसांनी नमुने घेतले की वाहते पाणी साक्ष देत नाही, हे नमुने घेणाऱ्यालाही माहीत असते.

आणि पंचनाम्याचे काय? गारपीट झाली की द्राक्षबागेचा पंचनामा होतो, तो व्हायलाच हवा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या निर्णयाचे मी स्वागत करतो आणि विचारतो, नदीत मासे मेले की ज्या मच्छीमाराचा हंगाम बुडाला त्याच्या नावाने पंचनामा कधी होणार? त्याच्याकडे सातबारा नाही, म्हणून त्याचे नुकसान दिसत नाही, असे असेल तर तो दर्जा तळी खोदू शकणाऱ्या जमीनमालकापुरताच राहील.

काही मित्र विचारतात, मच्छीमारांचे प्रश्न म्हणजे कोकणचे, समुद्राचे. साताऱ्या-सांगलीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध कोयनेने जोडला आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी दोन दिशांना जाते. एक वाट कराडला कृष्णेत मिळून, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. दुसरी वाट सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. वर्षाला ६७.५ टीएमसी त्या बाजूला वळवायला बचावत लवादाने मुभा दिली. त्या खाडीतही आपले भोई बांधव जाळी टाकतात. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने त्यांच्या मासेमारीचे काय झाले, हे माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लिहून ठेवले आहे. घाटावर मळी, घाटाखाली रसायन, आणि दोन्हीकडे गुदमरणारा मासा. म्हणून मी म्हणतो, सातारा, सांगली आणि चिपळूण-दाभोळच्या मच्छीमारांची लढाई एकच आहे आणि ती एकत्र लढली पाहिजे.

समुद्रात असे एकत्र येणे थोडे तरी साधले आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते. राज्याराज्यांत तारखांचा थोडाफार फरक पडतो, पण गुजरातपासून केरळपर्यंत प्रत्येक राज्य हे मानते की मासा सीमा ओळखत नाही. मेकाँग नदीवर लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या चार देशांनी १९९५ साली करार करून आयोग नेमला. तिथेही धरणे झाली, मासा घटला, भांडणे आहेत. पण तिथे माशांची मोजदाद पाण्याच्या मोजदादीबरोबर होते. आणि आपण? एका देशातली चार राज्ये, एका राज्यातले दोन जिल्हे, आणि कृष्णेतल्या माशाचा एकत्र हिशेब मांडणारी एकही जागा नाही.

आता घरच्यांना दोन शब्द. कडू लागतील, तरी ऐका. जिलेटीन फोडून, पाण्यात विषारी औषध टाकून मासे धरायला १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. तरी नदीवर स्फोटाचे आवाज येतात, आणि करणारे कोण हे आपल्याला ठाऊक असते. पहिल्या पुराला अंडी घालायला वर येणारे चढणीचे मासे आपलीच पोरे ओढ्याच्या तोंडावर बारीक जाळी लावून उपसतात. कारखान्याला जाब विचारायचा तर आपले हात स्वच्छ हवेत. जो जिलेटीन फोडतो त्याला सोसायटीत जागा नाही, हा ठराव आज याच मांडवात व्हावा, अशी माझी सूचना आहे.

सोसायटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सहकार ही या दोन जिल्ह्यांची ओळख आहे. साखर कारखाने, दूध संघ, बँका, सूतगिरण्या, सगळे इथे उभे राहिले. मग मच्छीमार संस्थाच कागदोपत्री का उरल्या? तलावाचा ठेका संस्थेच्या नावावर, पैसा आणि बाजार दुसऱ्याच्या हातात, आणि भोई थर्मोकोलच्या तराफ्यावर रोजंदारीने. हे चित्र बदलता येते. मध्य प्रदेशात तवा जलाशयावर १९९६ पासून दहा वर्षे विस्थापित आदिवासींच्या संघाने मासेमारी स्वतः चालवून दाखवली. आणि एवढ्या लांब कशाला जायचे? आपल्याच खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण लोकांनी उभे केले आणि तत्त्व ठरवले की भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. समन्यायी पाणीवाटपाचा तो विचार याच मातीतला आहे. मच्छीमार हा नदीकाठचा सर्वांत जुना भूमिहीन आहे. त्याचा वाटा कुठे आहे, हे मी त्या चळवळीच्या वारसदारांनाही विचारतो.

इथे साहित्यिक बसले आहेत, त्यांनाही सोडणार नाही. कर्नल सायक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला. त्यात खुद्री, शिंगटी, कुतर्णी अशी आपल्या मच्छीमारांच्या तोंडची नावे शास्त्रीय नावे झाली आणि जगभरच्या ग्रंथांत गेली. वाईजवळच्या कृष्णेत आणि कोयनेत संशोधकांनी अलीकडेपर्यंत पन्नासाहून अधिक जातींचे मासे नोंदवले आहेत. ही विद्या ज्यांच्या डोक्यात होती, त्यांचे जगणे मराठी कथा-कादंबरीत कितीसे आले? अण्णा भाऊंचे वाटेगाव आणि माडगूळकरांचे माडगूळ सांगली जिल्ह्यातच. वंचित माणसाला नायक करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. नदीवरचा माणूस तिच्यात अजून यायचा आहे. आपल्या पोरांनी ते लिहावे, आजीकडून माशांची, जाळ्यांची, डोहांची नावे उतरवून घ्यावीत. जे लिहिलेले नाही त्याच्यावर दावा सांगता येत नाही.

२००५, २०१९, २०२१. पूर आला की प्रशासनाला आपल्या होड्या आठवतात. आपण गेलो, पुढेही जाऊ, माणूस बुडत असताना हिशेब मांडायचा नसतो. पण पूर ओसरल्यावर हिशेब मांडायचा असतो, आणि तो आता मांडतो आहे.

कालवा सल्लागार समितीत मच्छीमारांचा प्रतिनिधी. घाटाघाटावर प्राणवायूचा रोजचा आकडा. मासे मेले की त्याच दिवशी पंचनामा. प्रत्येक तालुक्यात बारमाही पाण्याचे डोह राखीव, आणि त्यांत मासेमारी बंद. वाळू उपसून त्या डोहांचे तळ खरवडणाऱ्यांवर कारवाई. आणि वाईपासून म्हैसाळपर्यंत, पुढे कर्नाटकच्या बांधवांना आणि दाभोळ खाडीच्या बांधवांना बरोबर घेऊन, मच्छीमारांची एक परिषद. यातली शेवटची गोष्ट सरकारच्या हातात नाही, ती आपल्या हातात आहे. ती आजपासून सुरू झाली असे मी अध्यक्ष या नात्याने जाहीर करतो.

कालवा सल्लागार समितीची पुढची बैठक लागेल तेव्हा आपल्याला निमंत्रण येईल किंवा येणार नाही. आपण त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांतून जाळी खांद्यावर घेऊन तिथे जायचे आहे. दार उघडले तर आत बसून हिशेब मांडू. नाही उघडले तर दारातच बसू आणि १९७६ च्या आदेशातली ती ओळ दार उघडेपर्यंत वाचत राहू.