मतपेटीतली खानेसुमारी



कुर्द म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाई येते. डोंगर, पेशमर्गा म्हणजे कुर्द लढवय्ये, इसिसविरुद्धची मोर्चेबंदी. आज मी बोलणार आहे ते निवडणुकीबद्दल, आणि तेही एकाच शहराच्या : उत्तर इराकमधलं किर्कूक. इथे प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली 30 जानेवारी 2005 ला. त्यानंतरची झाली 18 डिसेंबर 2023 ला. मधल्या काळात इराकच्या बहुतेक प्रांतांत 2009 आणि 2013 ला मतदान झालं; किर्कूकला दोन्ही वेळा वगळलं गेलं. गंमत अशी की संसदेच्या निवडणुका तिथे होत राहिल्या. म्हणजे बगदादला कोणी जायचं हे किर्कूककर ठरवू शकत होते, आपल्या गावचा कारभार कोणी करायचा हे मात्र नाही.

असं का झालं? किर्कूकमध्ये कुर्द राहतात, तुर्कमेन राहतात, अरब राहतात आणि थोडे ख्रिस्तीही. 1927 मध्ये शहराजवळच्या बाबा गुरगुर इथे तेल लागलं आणि या मिश्र वस्तीच्या गावावर सगळ्यांची नजर गेली. शहर कुणाचं, हा वाद तेव्हापासून चिघळत गेला. वाद मिटवायचा तर आकडे हवेत, आणि सगळे पक्ष ज्याला त्यातल्या त्यात विश्वासार्ह मानतात अशी खानेसुमारी एकच : 1957 ची. ती काय सांगते? प्रांतात कुर्द सुमारे 48 टक्के, अरब 28, तुर्कमेन 21. म्हणजे कुर्द सर्वांत मोठे. पण त्याच खानेसुमारीत नुसतं शहर घेतलं, तर तुर्कमेन सुमारे 38 टक्के, कुर्द 33 आणि अरब 22 ते 23. कागद एकच, पण रेघ कुठे ओढता त्यावर उत्तर बदलतं. कुर्द प्रांताचा आकडा सांगतात, तुर्कमेन शहराचा. दोघंही खरं बोलतात.

इराकमधल्या बाथ पक्षाच्या, पुढे सद्दामच्या, राजवटीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने माणसंही बदलली आणि रेघही बदलली. 11 मार्च 1970 ला कुर्द नेते मुल्ला मुस्तफा बारझानी आणि बगदाद यांच्यात स्वायत्ततेचा करार झाला, पण किर्कूकचा प्रश्न नव्या गणनेवर सोडला. ती गणना झालीच नाही. 1976 मध्ये प्रांताचं नाव बदलून ‘तामीम’, म्हणजे राष्ट्रीयीकरण, असं ठेवलं. 1972 च्या तेलाच्या राष्ट्रीयीकरणाची ती आठवण. त्याच झपाट्यात चमचमाल आणि कलार हे कुर्दबहुल भाग सुलेमानियाला जोडले, तुझ खुरमातू सलाहुद्दीन प्रांतात गेलं, किफ्री दियालात. उरलेल्या किर्कूकमध्ये दक्षिणेतून अरब कुटुंबं आणून वसवली. येणाऱ्याला 10,000 दिनार आणि घरासाठी जमीन मिळे. स्थानिक लोक त्यांना ‘दहा हजारवाले’ म्हणू लागले.

आता हे सगळं एका घरात कसं उतरलं ते पाहा. नव्वदच्या दशकात किर्कूकमधल्या कुर्द आणि तुर्कमेन माणसापुढे एक अर्ज ठेवला जाई. मी अरब आहे, असं त्यात लिहून द्यायचं. सरकारी भाषेत ही ‘राष्ट्रीयत्वाची दुरुस्ती’. सही केली नाही, तर घर सोडायचं आणि रेशनकार्ड सरकारजमा. आर्थिक निर्बंधांच्या त्या काळात रेशन म्हणजे चूल. शिवाय 2003 नंतर इराकने मतदार यादी तयार केली ती याच रेशनच्या नोंदींवरून! ज्याचं कार्ड किर्कूकमधून उडालं, त्याचं मतही किर्कूकमधून उडालं.

म्हणून 10 एप्रिल 2003 ला सद्दामची सत्ता शहरातून गेली, तेव्हा हाकललेले कुर्द हजारोंनी परतले. राहायला घर नव्हतं. कित्येक कुटुंबांनी शहरातल्या फुटबॉल स्टेडियममध्ये बिऱ्हाडं थाटली, आणि तात्पुरती म्हणून थाटलेली ती बिऱ्हाडं वर्षानुवर्षं तिथेच राहिली. 2005 च्या निवडणुकीत विस्थापितांना किर्कूकचे मतदार म्हणून मत देऊ दिलं गेलं. बहुतेक अरबांनी बहिष्कार टाकला. परिषदेच्या 41 जागांपैकी 26 कुर्दांच्या पुढाकारातल्या यादीला मिळाल्या. तुर्कमेन आणि अरब नेत्यांनी तक्रार केली की परतणाऱ्यांच्या आडून इथले कधीच नसलेले कुर्दही आणले गेले. कुर्दांचं उत्तर होतं : आमची हकालपट्टी झाली तेव्हा तुम्ही यादी तपासली होती का?

श्रोतेहो, प्रश्नाची गाठ इथे आहे. भांडण मतावर नव्हतं, मतदार यादीवर होतं. कारण 2005 च्या राज्यघटनेच्या 140 व्या कलमाने तीन टप्पे ठरवले होते : आधी परिस्थिती पूर्ववत करायची, मग खानेसुमारी, मग सार्वमत. मुदत होती 31 डिसेंबर 2007. बाहेरून आणलेल्या अरबांना परत जाण्यासाठी 2 कोटी दिनारांची भरपाई देऊ केली, काही गेले, बरेच राहिले. ते तरी कुठे जाणार? त्यांची मुलं किर्कूकमध्येच जन्मली होती. खानेसुमारी झाली नाही, सार्वमतही नाही. मुदत टळली, कलम मात्र जिवंत राहिलं. 2019 मध्ये इराकच्या संघीय सर्वोच्च न्यायालयानेही ते लागू असल्याचं सांगितलं. खानेसुमारीच होत नाही म्हटल्यावर तिचं काम निवडणुकीच्या गळ्यात पडलं. प्रत्येक मत म्हणजे सार्वमताची रंगीत तालीम. 2010 च्या संसदीय निवडणुकीत किर्कूकच्या 12 सर्वसाधारण जागांपैकी कुर्द आघाडीला 6 आणि अरब-तुर्कमेन उमेदवारांच्या ‘इराकिया’ला 6 मिळाल्या, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यातून शहराची मालकीच वाचली.

यात कुर्द नेत्यांचीही चूक आहे, आणि ती बोलली पाहिजे. जून 2014 मध्ये इसिस पुढे सरकली, इराकी सैन्य पळालं आणि पेशमर्गांनी किर्कूक ताब्यात घेतलं. त्यांनी ते वाचवलं, यात वाद नाही. पण सप्टेंबर 2017 च्या, कुर्दिस्तानच्या स्वातंत्र्यासाठीच्या सार्वमतात राज्यपाल नजमुद्दीन करीम यांनी किर्कूकलाही ओढलं. तिथले तुर्कमेन आणि अरब मोठ्या प्रमाणावर त्यापासून दूर राहिले. तीन आठवड्यांत, 16 ऑक्टोबरला, इराकी फौजा शहरात शिरल्या आणि कुर्दांनी चौदा वर्षांत मिळवलेलं एका दिवसात गेलं. त्यानंतर राज्यपालपदाचा कार्यभार राकान अल-जबूरी या अरब नेत्याकडे आला आणि कुर्द पुन्हा विस्थापनाच्या, अन्यायाच्या तक्रारी करू लागले. तक्रारदार बदलला, तक्रार तीच राहिली.

मग आली 2023 ची निवडणूक. 16 जागा : कुर्दांच्या दोन पक्षांना मिळून 7, अरब पक्षांना 6, तुर्कमेन आघाडीला 2, ख्रिस्ती राखीव 1. ख्रिस्ती सदस्य कुर्दांकडे गेला तर आठ विरुद्ध आठ. आठ महिने काही ठरेना. ऑगस्ट 2024 मध्ये बगदादच्या अल-रशीद हॉटेलात नऊ सदस्य जमले आणि त्यांनी पीयूके या कुर्द पक्षाचे रेबवार ताहा यांना राज्यपाल निवडलं, परिषदेचं अध्यक्षपद अरब सदस्याला दिलं. ते नऊ कोण? पीयूकेचे पाच, अरबांचे तीन आणि ख्रिस्ती एक. बाहेर कोण? दुसरा कुर्द पक्ष केडीपी, उरलेले अरब आणि तुर्कमेन आघाडी.

या बैठकीला अनेकांनी नावं ठेवली आणि त्यांचं बरोबर होतं. किर्कूकचा राज्यपाल बगदादच्या हॉटेलात ठरावा, ही काही शोभेची गोष्ट नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कुर्द एकीकडे आणि अरब दुसरीकडे, हा हिशेब त्या दिवशी फुटला. सत्तेचा व्यवहार आला तशी माणसं जातकुळीच्या रांगेतून बाहेर पडली. निवडणुकीचं काम तेच असतं. 2024 च्या नोव्हेंबरमधल्या देशव्यापी खानेसुमारीत वंशाचा रकाना ठेवलाच नाही, त्यामुळे डोकी मोजून मालकी ठरवण्याची वाट तूर्त बंद आहे. मला ते वाईट वाटत नाही.

मग कुर्दांच्या हक्कांचं काय? माझं म्हणणं असं की तीन हक्क वेगळे करावेत. हिरावलेलं घर आणि शेत परत मिळण्याचा हक्क निर्विवाद आहे; बाथ काळात हुकूमनाम्यांनी घेतलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा जानेवारी 2025 मध्ये इराकच्या संसदेने केला, तो गावोगावच्या सातबाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. आपल्या गावात मत देण्याचा हक्कही तसाच. तिसरा हक्क सांगितला जातो तो संख्येच्या जोरावर शहर आपलं म्हणण्याचा. तो बहुमताने सिद्ध होत नाही. झाला, तर 1957 च्या शहरातले तुर्कमेनही तो मागतील.

प्रांतिक कायद्यात सर्व घटकांनी सत्ता वाटून घेण्याचं तत्त्व आहे. कोणतं पद कुणाकडे आणि किती काळ, हे निवडणुकीआधी लिहून ठेवलं, तर ते तत्त्व हॉटेलच्या खोलीत अडकणार नाही. कुर्दांनी शंभर वर्षं बगदादकडे एकच मागणी केली : संख्येने जास्त आहात म्हणून आम्हाला पुसून टाकू नका. किर्कूकमध्ये आज तुर्कमेन तीच मागणी कुर्दांकडे करताहेत. कुर्द तिला काय उत्तर देतात, यावर त्यांच्या स्वतःच्या मागणीचं वजन ठरेल.