जुन्या बालचित्रांचा जीर्णोद्धार

लहान मुलाला गोष्ट सांगतांना आजीनें एखादा शब्द बदलला, तर तें मूल तिला मध्येंच अडवितें. कावळ्याचें घर शेणाचें होतें. तें मातीचें होतें असें आजीच्या तोंडून चुकून निघालें कीं ऐकणाराची झोंप उडते आणि गोष्ट पुनः पहिल्यापासून सांगावी लागते. वडील माणसांना या हट्टाचें हसूं येतें. परंतु तींच मुलें पस्तीस-चाळीस वर्षांचीं झालीं, नोकऱ्यांस लागलीं, त्यांना स्वतःचीं मुलें झालीं, तरी तो हट्ट गेलेला नसतो. तो केवळ निराळ्या जागीं जाऊन बसतो. लहानपणीं पाहिलेलें एखादें हलतें चित्र, ज्याला घरोघर कार्टून म्हणतात, तें नव्या स्वरूपांत पुनः निघणार अशी वार्ता कानीं येतांच या प्रौढ मंडळींच्या मनांत प्रथम आनंद आणि दुसऱ्याच क्षणीं धास्ती उत्पन्न होते. आनंद अशासाठीं कीं, आपल्या बालपणचा सवंगडी आपल्या मुलांना भेटणार. धास्ती अशासाठीं कीं, तो भेटेल तेव्हां ओळखूं येईल कीं नाहीं, कोण जाणे!

ही धास्ती वरवर पाहणारास पोरकट वाटेल. ती तशी नाहीं, हें समजण्यासाठीं नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचें उदाहरण घ्यावें. ही वस्तीच मुळीं छावणीची. लष्कराच्या तोफखान्याचें विद्यालय येथें आहे, आणि त्यामुळें येथील कित्येक कुटुंबें बदलीच्या हुकुमाबरोबर येतात व बदलीच्या हुकुमाबरोबर जातात. अशा घरांतील मुलाला गांव, शाळा, शेजार, मित्र यांपैकीं एकही गोष्ट फार दिवस स्वतःची म्हणतां येत नाहीं. दोन-तीन वर्षांत ट्रंका भरल्या जातात, आणि देवळालीच्या थंड हवेंत वाढूं लागलेलें मूल राजस्थानच्या वाळूंत किंवा पंजाबच्या उन्हांत जाऊन पडतें. १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका हिंदींतून दाखविली जाऊं लागली, तेव्हां या मुलांना एक न बदलणारी वस्तु मिळाली. ठाणें कोणतेंही असो, रविवार उजाडला कीं मोगली तोच, बगीरा तोच, शेरखानाची गुरगुरही तीच. नव्या शाळेंत पहिल्या दिवशीं शेजारच्या बाकावरील अनोळखी मुलाशीं बोलण्यास एवढा एक विषय पुरेसा होई. ज्यांचें बालपण एकाच वाड्यांत गेलें त्यांना त्या वाड्याची जी ओढ, तीच या मुलांना त्या अर्ध्या तासाची असल्यास नवल काय? वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उठविण्याची भाषा कोणी करूं लागला, तर जुना रहिवासी नकाशा मागून पाहणारच.

आतां यांतली गंमत अशी कीं, ज्याला हीं मंडळी ‘मूळचें’ म्हणून कवटाळून बसलीं आहेत, तें मूळचें नव्हेच. मोगलीला जन्म दिला तो मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंगनें. त्याचें पुस्तक १८९४ सालचें. कथेचें रान शिवनीचें, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या सीमेला लागूनच असलेल्या मुलखांतलें. पुढें १९६७ सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या अमेरिकन संस्थेनें त्याचें गाणीं-नाचांनीं भरलेलें चित्र केलें. त्यानंतर १९८९ सालीं जपानांतील निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेनें बावन्न भागांची मालिका काढली, आणि तिलाच हिंदी वाचा देऊन दूरदर्शननें ती भारतांतील घराघरांत पोंचविली. इंग्रजी पुस्तक, जपानी रेषा, हिंदी बोली, असा हा तीन घरचा पाहुणा. प्रत्येक मुक्कामावर त्याचे कपडे बदललेले आहेत. किप्लिंगची करडी शिस्त जपानी मालिकेंत सौम्य झाली. अमेरिकन चित्रांत तर ती बहुतेक नाहींशीच झाली. तरीही देवळालीच्या त्या मुलांना मोगली परका वाटला नाहीं, कारण त्याला लाभलेलें शीर्षकगीत गुलजारांच्या शब्दांतलें आणि विशाल भारद्वाज यांच्या चालींतलें होतें, आणि शेरखानाच्या मुखांतून नाना पाटेकर बोलत होते. परदेशच्या रोपट्याला येथल्या पाण्यानें मूळ धरलें तें असें.

ही गोष्ट अमेरिकन व्यापाऱ्यांच्या बरोबर ध्यानांत आली. २०१६ सालीं जॉन फॅव्हरो यांनीं दिग्दर्शित केलेला नवा ‘जंगल बुक’ डिस्ने संस्थेनें काढला, आणि तो अमेरिकेंत लागण्यापूर्वीं एक आठवडा, ८ एप्रिल रोजीं, भारतांत लागला. हिंदी आवृत्तीकरितां इरफान खान, ओम पुरी, प्रियांका चोप्रा यांचे आवाज घेतले. पण शेरखानासाठीं पुनः नाना पाटेकरच आले. इतकेंच नव्हे, तर त्या संस्थेच्या स्वतःच्या १९६७ च्या चित्रांतील जगप्रसिद्ध गीतें हाताशीं असतांना, भारतांत जाहिरातीसाठीं दूरदर्शनच्या मालिकेंतलें गुलजारांचें गीत नव्यानें ध्वनिमुद्रित करविलें. व्यापारी मनुष्य दुसऱ्याच्या आठवणीवर उगाच पैसा खर्चीत नाहीं. तिकीट काढणारा हात बापाचा असतो, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. मुलांसाठीं म्हणून निघणारीं हीं नवीं चित्रें अर्ध्याहून अधिक मोठ्यांसाठींच निघतात, आणि पुष्कळ वेळां घोटाळा होतो तो येथेंच. मोठ्यांना खूष ठेवण्यासाठीं जुन्या खुणा जागोजाग पेरल्या जातात. ज्याला कोणतीच खूण ठाऊक नाहीं असें सात वर्षांचें मूल मात्र आई-बाप कशाला हसले हें विचारीत बसतें.

चित्राचा प्राण रेषेंत आहे कीं आवाजांत, हा प्रश्न दुसऱ्या एका उदाहरणानें अधिक उघड झाला. ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हें चित्र जपानचे युगो साको आणि कोइची सासाकी व भारताचे राम मोहन यांनीं मिळून केलें. शेंकडों चित्रकारांनीं हातानें काढलेल्या चित्रांतून तें सिद्ध झालें, आणि १९९३ सालीं भारतांतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत तें दाखविलें गेलें. संगीत वनराज भाटिया यांचें. थिएटरांतून फारच थोड्यांनीं तें पाहिलें. खरा परिचय झाला तो पुढें दूरचित्रवाणीवरून. हिंदी आवृत्तींत अरुण गोविल रामाच्या रूपानें आणि अमरीश पुरी रावणाच्या रूपानें बोलत. ज्यांच्या गांवांतच पंचवटी आहे त्या नाशिककरांना जपानी कुंचल्यानें काढलेली पर्णकुटी पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. तेंच चित्र अधिक स्वच्छ, अधिक ठळक करून २४ जानेवारी २०२५ रोजीं भारतांतील चित्रपटगृहांत आणलें गेलें. चित्रांतील एकही रेषा बदललेली नव्हती. तरीसुद्धां आधीं कांहीं महिने रसिकांची झोंप उडाली होती, कारण हिंदी संवाद नव्या नटांकडून नव्यानें बोलविले जाणार असें जाहीर झालें होतें. वीस-पंचवीस वर्षें कानांत बसलेला रामाचा आवाज काढून घेतला, तर तो राम राहतो काय? तर्कानें पाहिलें तर राहतो. कीर्तनकार बदलला म्हणून आख्यान बदलत नाहीं. पण लहानपणीं मनुष्य तर्कानें ऐकत नसतो. चित्र तो डोळ्यांनीं पाहतो आणि ओळखतो मात्र कानांनीं. अंधारांत आईची हांक ओळखावी तसें. यामुळेंच नव्या आवृत्तींत रंग उजळले तर कोणी तक्रार करीत नाहीं, आवाज बदलला कीं घर पारखें होतें.

मराठी घरांत हाच प्रश्न निराळ्या अंगानें उभा राहिला, तो ‘चिंटू’च्या निमित्तानें. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनें १९९१ सालीं ‘सकाळ’मध्यें हा मुलगा प्रथम आणला, आणि सकाळच्या चहाबरोबर त्याच्या चौकटी वाचण्याची संवय अनेक कुटुंबांना जडली. येथें आवाजाची अडचण नव्हती. चिंटूला आवाजच नव्हता, म्हणजे ज्या त्या घरांत ज्या त्या मुलाचाच आवाज त्याला मिळे. २०१२ सालीं श्रीरंग गोडबोले यांनीं त्याच्यावर चित्रपट काढला व पुढल्याच वर्षीं दुसरा काढला. कागदावरच्या चार रेषांच्या जागीं हाडामांसाचा मुलगा आला. मुलगा गोड होता, चित्रपटही निर्मळ होता. परंतु चार रेषांत जें मोकळें राहिलेलें असतें, तें देहानें भरून गेलें. रेषेंतला चिंटू वर्षानुवर्षें तेवढाच राहतो. नट मात्र पुढल्या चित्रपटापर्यंत दोन बोटें उंच होतो. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’वर २०१७ सालीं आदित्य सरपोतदारांनीं चित्रपट केला, तेव्हां फुरसुंगीच्या त्या शाळकरी पोराचा तरणाबांड अमेय वाघ झाला, आणि परीक्षांतील गैरव्यवहाराचा छडा लावूं लागला. हा बदल पुष्कळांना रुचला, कांहींना खटकला. त्यांत एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती: स्वतः भागवतांनाच एक पात्र करून दिलीप प्रभावळकरांच्या रूपानें त्यांना कथेंत बसविलें होतें. ज्याचा ठेवा उचलला त्याला दारांत उभें न ठेवतां घरांत घेतलें, एवढ्यानेंच जुन्या वाचकाचा अर्धा राग निवतो.

मग जुन्याला हातच लावूं नये काय? तसें म्हणतां येत नाहीं, कारण जुन्यांतलें सर्वच जपण्याच्या लायकीचें नसतें. ‘टॉम आणि जेरी’ हीं १९४० सालीं हॅना आणि बार्बेरा यांनीं निर्मिलेलीं मांजर-उंदीर जगभर लाडकीं झालीं. परंतु आरंभींच्या चित्रांत काळ्या मोलकरणीची जी टवाळी आहे ती आज मुलांपुढें ठेवण्यास कोणत्याही सुबुद्ध माणसाला संकोच वाटेल. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांतच तीं दृश्यें दूरचित्रवाणीसाठीं बदलून काढलीं गेलीं. उलट १९९२ च्या लांबलचक चित्रांत या मुक्या जोडगोळीला बोलावयास लावलें आणि त्यांची मैत्री करून दिली, तेव्हां जी सुधारणा झाली तिनें खेळच संपला! पहिली दुरुस्ती दोष काढणारी होती, दुसरीनें प्राणच काढला.

या बाबतींत देवळालीलाही एक विचित्र मान मिळालेला आहे. १९७४ ते १९८१ या काळांत बी. बी. सी. नें ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नांवाची विनोदी मालिका दाखविली. तिच्या आरंभींच्या भागांचें कथानक महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या गोऱ्या छावणींत घडतें. तिच्या दोघां लेखकांपैकीं जिमी पेरी हे त्या काळीं खरोखरच देवळालीस तोफखान्यांत होते आणि सैनिकांच्या करमणूक-मंडळींत काम करीत. मालिका मुलांची नव्हे, पण विलायतेंत एक पिढी ती पाहत वाढली, आणि ती पुनः दाखवावी अशी त्या पिढीची फार इच्छा. अडचण ही कीं, रंगी राम या हिंदी नोकराचें काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटानें तोंडाला रंग फांसून केलें होतें. बेट्स यांचा जन्म झांशीचा. पण त्यानें अडचण मिटत नाहीं. पुढें बी. बी. सी. नें ती मालिका पुनः दाखविण्याचें टाळलें. ज्या गांवावर विनोद झाले तेथील माणसांनीं रागवावें कीं हसावें हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. मात्र कपाटांत बंद करून ठेवणें म्हणजे दुरुस्ती नव्हे, हें मान्य करावें लागेल. जें पाहावयासच मिळत नाहीं, त्याविषयीं भांडण तरी कसें करणार?

आणि खरी भीति हीच आहे. नवी आवृत्ति वाईट निघाली तर ती विसरली जाते. जुनी शिल्लक असली म्हणजे झालें. नवी आली आणि जुनी मिळेनाशी झाली, तर मात्र जें गेलें तें गेलें. ही कल्पनेची भीति नव्हे. नाशिकच्याच इतिहासांत तिचा दाखला आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्याच वर्षीं ते नाशिकास आले, आणि १९१७ सालीं त्यांनीं तीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून पुनः चित्रित केली. आपल्याच कृतीचा असा जीर्णोद्धार त्यांनीं स्वतः केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आज जीं थोडीं रिळें जतन केलेलीं आहेत, तीं पहिल्या चित्रपटाचीं कीं दुसऱ्या, याविषयीं अभ्यासकांत वाद आहे. तीं १९१७ चींच होत असें म्हणणारे जाणकार आहेत. त्यांचें खरें असेल, तर भारताचा पहिला चित्रपट म्हणून जें दाखविलें जातें तें त्याचें दुसरें रूप आहे, आणि पहिलें कोणालाही कधींच पाहतां येणार नाहीं. फाळक्यांनीं सुमारें १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नांवाचें एक छोटें चित्रही केलें होतें. आगपेटींतल्या काड्या एकेक सरकवून, प्रत्येक हालचालीचें निराळें छायाचित्र घेऊन, त्या पडद्यावर आपोआप नाचूं लागतील अशी ती युक्ति होती. पुढें ज्याला कार्टून म्हणूं लागले त्याचाच हा देशी ओनामा. त्या काड्या कशा नाचल्या, कोणत्या आकृती त्यांनीं केल्या, हें पाहण्यास आज त्याचें एकही रीळ उरलेलें नाहीं. आणि त्याची नवी आवृत्ति काढण्याचें कोणीं मनावर घेतलेंच, तर समोर ठेवून पाहण्यासाठीं त्याला नांवापलीकडे फारसें कांहीं मिळणार नाहीं.