पंचगंगेच्या काठानं



आमच्या गडमुडशिंगीला लागूनच कोल्हापूरचा विमानतळ आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला. तिथं उतरलेल्या पाहुण्याची यादी ठरलेली असते: अंबाबाई, रंकाळा, वेळ उरला तर जोतिबा-पन्हाळा, मग तांबडा-पांढरा रस्सा, की निघाले परत. यादीला नाव ठेवायला जागा नाही. पण जिच्या काठावर हे शहर वसलं ती पंचगंगा त्याला दिसते ती पन्हाळ्याला जाताना, शिवाजी पुलावर, गाडीच्या काचेतून.

माझं ऐकाल तर सुरुवात प्रयाग चिखलीच्या संगमापासून करा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाचजणींची मिळून पंचगंगा. तिथून शहरात या, सकाळच्या उन्हात घाटावर बसा. दीपमाळा, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, छोटी छोटी देवळं आणि पोहायला आलेली तालमीतली पोरं.

घाटाशेजारीच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. बघायला नुसता उंचवटा. पण १९४५-४६ साली इथं उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभरसुद्धा नसेल. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमन व्यापाराच्या वाटेनं सह्याद्री चढून नदीकाठी आला! अंबाबाईच्या रांगेत तास-दोन तास उभे राहणारे आपण, या देवापुढं मात्र दोन मिनिटंही थांबत नाही.

नदी पुढं वळिवड्याकडं जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित इथल्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. गांधीनगरची कापडपेठ ती हीच. लग्नाचा बस्ता बांधायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पुराचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा लोक घाबरून पळत नाहीत, स्नानाला येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. वाडीला आलात तर कवठाची बर्फी घ्या आणि तसंच पुढं खिद्रापूर गाठा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वर छतच नाही, गोल आकाश आहे. आणि बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघा. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हेही ध्यानात येईल.

एवढं सगळं एका दिवसात उरकू नका, दोन दिवस काढा. आणि पावसाळ्यात येणार असाल तर निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारून घ्या. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं.