फिल्मच्या कारखान्यातील प्रोसेस इंजिनिअर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने कारखान्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण दहावीचा निकाल लागला की पालक माझ्याकडेही येतात आणि त्यांच्या तोंडी दोनच शब्द असतात, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. डॉक्टर काय करतो हे सर्वांना ठाऊक आहे. लातूर पॅटर्नने तो रस्ता साऱ्या महाराष्ट्राला दाखविला. इंजिनिअर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूल बांधणारा येतो, किंवा पुण्यात संगणकापुढे बसणारा. प्रोसेस इंजिनिअर हा शब्द घराघरांत अजून पोचलेला नाही.

वेफर्सचा रिकामा पुडा आतून उलटा करून पाहा. चंदेरी दिसतो. तो चंदेरी थर म्हणजे फिल्मवर बसविलेले अ‍ॅल्युमिनियम. आपल्या पंख्याचा कंडेन्सर जातो, त्याच्याही पोटात अशीच धातू चढविलेली, केसापेक्षा कितीतरी पातळ फिल्म गुंडाळलेली असते. ही फिल्म परदेशातूनच येते असे समजू नका. नांदेडहून तपोवन एक्स्प्रेस धरली की परभणी, जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. तेथे वाळूज आणि चिकलठाण्याला गरवारे यांचे पॉलिएस्टर फिल्मचे कारखाने आहेत. १९८१ साली स्थापन झालेल्या कॉस्मो फिल्म्सचाही कारखाना वाळूजला आहे. तेथे पॉलिप्रॉपिलीनची फिल्म निघते.

पॉलिएस्टरची फिल्म होते कशी, ते थोडक्यात सांगतो. साबुदाण्यासारखे दाणे येतात, त्यांना चिप्स म्हणतात. ते आधी इतके वाळवावे लागतात की दहा लाख भागांत पाण्याचे पन्नास भागही राहू नयेत. पाणी राहिले तर वितळताना रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल कमजोर होतो. मग सुमारे २८० अंश सेल्सिअसला वितळवून तो रस अरुंद फटीतून थंड रुळावर सोडतात. घट्ट झालेला पट्टा पुन्हा गरम करून आधी लांबीत ओढतात, नंतर दोन्ही कडा चिमट्यांत धरून रुंदीत. लांबीत साडेतीन पट आणि रुंदीत चार पट ओढला तर जाडी चौदाव्या भागावर येते. १६८ मायक्रॉनचा पट्टा १२ मायक्रॉनचा होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. चंदेरी थर याहून नाजूक. हवा काढून घेतलेल्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून ती धावत्या फिल्मवर बसवितात. थराची जाडी एका मायक्रॉनच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढी.

आता विद्यार्थ्यांनी वही काढावी. पॉलिएस्टरची घनता १.४ धरा. १२ मायक्रॉनच्या एक चौरस मीटर फिल्मचे वजन १६.८ ग्रॅम, म्हणजे एका किलोत सुमारे ५९.५ चौरस मीटर. जाडी चुकून साडेबारा मायक्रॉन झाली तर एका किलोत ५७ चौरस मीटरच भरते. अर्ध्या मायक्रॉनने शंभरामागे चार कच्चा माल जास्त गेला! ही जाडी, उष्णता, ताण आणि वेग रात्रंदिवस ठरल्या आकड्यावर ठेवायचे, आणि ढळले तर कशाने ढळले ते शोधायचे, हे प्रोसेस इंजिनिअरचे काम.

देगलूर नाक्याकडचा माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्यात आहे. पावसाळ्यात फिल्म वारंवार तुटू लागली. प्रत्येक वेळी मशीन थांबवून पट्टा पुन्हा ओवायचा, तोवर निघालेला सारा माल भंगारात. वरिष्ठ म्हणाले, उष्णता वाढवा. याने तीन रात्रींच्या नोंदी समोर मांडल्या आणि दाखवून दिले की चिप्स वाळविणारी हवाच दमट येत होती. "सर, मी हुशारी काही केली नाही, रोजची वही भरलेली होती," असे तो मला म्हणाला. ज्या पाळीत कोणी अंदाजाने आकडे भरतो त्या पाळीचा दोष सापडत नाही, हेही त्यानेच सांगितले.

या कामासाठी वेगळी पदवी शोधत बसू नका. नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. तेथे केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, प्रॉडक्शन, टेक्स्टाइल या शाखा आहेत. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, आणि पुढे शिकायचे असेल तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मुलींच्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की कारखान्याला मालाची जाडी, ताकद आणि चकाकी तपासणारी प्रयोगशाळा लागते, आणि रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीला ते काम अनोळखी नाही.

उर्दू माध्यमाची मुले पहिल्या सहामाहीत इंग्रजी शब्दांनी गांगरतात, हे मी पाहिले आहे. दर्जा-ए-हरारत म्हणा, तापमान म्हणा की टेंपरेचर म्हणा, थर्मामीटर एकच आकडा दाखवितो. आठवीपासूनच तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिण्याची सवय लावली तर निम्मी भीती जाते.

अडचणी लपवून ठेवणे बरे नाही. पाळ्या फिरत्या असतात, रात्रपाळी चुकत नाही. धंद्यालाही धक्के बसतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली, तेव्हा ती फिल्म करणाऱ्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळावे लागले. शिवाय हेच चंदेरी पुडे आपल्या नाल्यांत अडकतात. वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांस चिकटलेले असल्याने ते सहज वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. एकाच जातीच्या प्लास्टिकचा पुडा करण्याची खटपट जगभर चालू आहे. ती करणाऱ्यांत आपली मुले का नसावीत?

नववीतील गुणोत्तर व प्रमाण या पाठापलीकडचे गणित मघाच्या हिशोबात कोठेही नव्हते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, १५ मायक्रॉनची फिल्म एका किलोत किती चौरस मीटर भरेल, ते आज घरी काढा आणि सोमवारी वही मला दाखवा.