बाबांची पीएसए टेस्ट आणि डॉक्टरांची भीती

आजचा विषय तुमच्या वयाचा नाही, तुमच्या बाबांच्या वयाचा आहे. तरी ऐका, कारण हल्ली घरच्यांचं 'फुल बॉडी चेकअप' ॲपवरून बुक करणारे आपणच असतो. पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या बऱ्याच पॅकेजमध्ये पीएसए नावाची एक रक्ततपासणी असते. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खालची छोटी ग्रंथी, आणि पीएसए हे तिच्यात तयार होणारं प्रथिन. रक्तात ते वाढलेलं दिसलं तर कॅन्सर असू शकतो. 'असू शकतो', एवढंच. वयोमानाने ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं तरी आकडा वर जातो. आणि आकडा ४ च्या आत असलेल्या माणसांतही कॅन्सर सापडलेला आहे.

मग इतकी डळमळीत टेस्ट डॉक्टर सहज का लिहून देतात? त्यासाठी अमेरिकेतली एक केस सांगतो.

१९९९ साल. डॅनियल मेरेनस्टीन नावाचे तरुण डॉक्टर व्हर्जिनियात फॅमिली मेडिसिनच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होते. ५३ वर्षांचा एक शिकलेला माणूस रूटीन चेकअपला आला. डॉक्टरांनी त्याला पीएसएचे फायदे-तोटे समजावून सांगितले आणि केसपेपरवर तशी नोंद केली. टेस्ट झाली नाही. पुढे तो माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. तिथे काही न विचारता पीएसए झाली. आकडा खूप वर आला. कॅन्सर पुढे गेलेला होता, बरा न होणारा.

त्याने केस टाकली आणि २००३ मध्ये ती कोर्टात उभी राहिली. आधी बोला, मग पेशंटला ठरवू द्या, असंच तेव्हाच्या मोठ्या वैद्यकीय संस्थांचंही म्हणणं होतं. म्हणजे मेरेनस्टीन पुस्तकाप्रमाणे वागले होते. पण समोरच्या वकिलाचा मुद्दा साधा होता: इथले बाकीचे डॉक्टर चर्चा करत बसत नाहीत, सरळ टेस्ट करतात. चार डॉक्टरांनी तशी साक्षही दिली. ज्युरीने मेरेनस्टीन यांना सोडलं, पण ते जिथे शिकत होते त्या प्रशिक्षण कार्यक्रमाला जबाबदार धरलं. भरपाई १० लाख डॉलर.

२००४ मध्ये मेरेनस्टीन यांनी हा अनुभव 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. आपण आता जास्त टेस्ट लिहून देतो आणि पेशंटसमोर जास्त धास्तावलेले असतो, असं त्यांनी त्यात मान्य केलंय.

त्या पेशंटचा राग मला समजतो. माझ्या बाबांचं असं झालं असतं तर मीही भडकलो असतो. पण १९९९ मध्ये टेस्ट झाली असती तर तो बरा झाला असता का, हे सिद्ध करता येत नाही. आणि डॉक्टरच्या खुर्चीतून बघा ना. टेस्ट केली नाही आणि कॅन्सर निघाला, तर कोर्ट. टेस्ट केली, कधीच त्रास न देणारा कॅन्सर सापडला, ऑपरेशन झालं, लघवीवरचा ताबा गेला, लैंगिक आयुष्य संपलं, तर पेशंट म्हणतो, "डॉक्टर, वेळेत सापडलं, उपकार झाले!" कुठली चूक महाग पडते ते दिसतंच आहे.

भीती हे एक कारण झालं. दुसरं कारण आकड्यांचं आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला ते जास्त टोचलं. २०१२ मध्ये ओडेट वेगवार्ट, गेर्ड गिगरेन्झर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४१२ डॉक्टरांना स्क्रीनिंगचे आकडे दाखवून मत विचारलं. एका टेस्टमुळे पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ६८ वरून ९९ टक्के होतं म्हटल्यावर ६९ टक्के डॉक्टर टेस्ट सुचवायला तयार झाले. दुसऱ्या टेस्टमुळे मृत्यू हजारी २ वरून १.६ वर येतात म्हटल्यावर फक्त २३ टक्के. गंमत म्हणजे स्क्रीनिंगने जीव वाचतो का, हे दुसरा आकडाच सांगतो. पहिला नाही.

कसं ते बघा. समजा दोन मित्र, दोघंही ७८ व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सरनेच गेले. एकाला त्रास सुरू झाल्यावर, ७५ व्या वर्षी कळलं. दुसऱ्याला टेस्टमुळे ७० व्या वर्षी. दुसरा निदानानंतर आठ वर्षं जगला, म्हणून 'पाच वर्षं जगले' या रकान्यात तो यशस्वी. जास्तीचा जगला एकही दिवस नाही. बगचं तिकीट लवकर उघडलं म्हणून बग फिक्स होत नाही, तसंच हे.

म्हणजे टेस्ट बोगस आहे का? तसंही नाही. युरोपातल्या मोठ्या चाचणीचे निकाल २००९ मध्ये आले, तेव्हा एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० जणांची तपासणी आणि ४८ जणांवर जास्तीचे उपचार, असा हिशोब होता. २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तोच हिशोब बोलावलेल्या ४५६ जणांमागे आणि निदान झालेल्या १२ जणांमागे एक, इथवर आला. फायदा छोटा आहे, खरा आहे, आणि उशिरा दिसतो. म्हणूनच अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सने २०१२ मध्ये सरसकट 'नको' म्हटलं होतं, ते २०१८ मध्ये बदललं: ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवा, सत्तरीनंतर रूटीन टेस्ट नको.

आता आपल्याकडे या. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग आहे, प्रोस्टेटचं नाही. पण पॅकेजमध्ये पीएसए येतेच. व्हर्जिनियात निदान एक डॉक्टर तरी बोलला होता. इथे चर्चा करणारं कुणीच नसतं, थेट व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि लाल अक्षरं बघून घरात रात्रभर कुणी झोपत नाही.

तेव्हा बुकिंगच्या आधी बाबांना विचारा. आजोबांना किंवा काकांना प्रोस्टेट कॅन्सर होता का? असेल तर धोका जास्त, डॉक्टरशी लवकर बोला. लघवीला अडतंय, रक्त जातंय, असं काही असेल तर ते स्क्रीनिंग नाहीच, सरळ युरॉलॉजिस्टकडे जा. आणि रिपोर्ट आधीच हातात असेल तर घाबरून बायोप्सीची तारीख घेऊ नका. इन्फेक्शन आहे का बघून काही आठवड्यांनी टेस्ट परत करता येते, बायोप्सीआधी एमआरआय करता येतो, आणि सौम्य कॅन्सर निघाला तरी लगेच ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवण्याचा रीतसर पर्याय आहे. डॉक्टरांनी तो स्वतःहून सांगितला नाही, तर तुम्ही विचारा. जाताना जुने पीएसए रिपोर्ट सोबत न्या, आकडा किती वेगाने वाढतोय हे त्यावरून कळतं.