रॅम वाढवताना

संगणक रखडतोय म्हणून रॅम घ्यायला निघताय? आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक केलं, की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. कोणती रॅम चालेल, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा. दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. उगाच जोर लावाल, तर मदरबोर्ड जायचा!

बसवताना प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मग रॅमची पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबा, क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत. सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर पट्टी काढून पुन्हा बसवा. बऱ्याचदा ती एका टोकाला उचललेली असते.