बक्षीस, स्पर्धा आणि ग्राहकाचा विश्वास

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, विस्तार अधिकारी व बचत गटांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजमाध्यमांवर बक्षिसांच्या स्पर्धा भरवून व्यवसायाची प्रसिद्धी कशी करावी, हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. प्रथमदर्शनी तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. शाळा, पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य या प्रश्नांत गुंतलेल्या आपणांसारख्या कार्यकर्त्यांना दुकानदाराच्या जाहिरातीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु आपल्या गावातील महिलांचा गट उत्तम मसाला करतो, शेजारच्या गावात कोणी काकवी करतो, कोणी घोंगड्या विणतो. त्यांच्या मालात उणीव नसते. उणीव असते ती ग्राहकापर्यंत पोहोचण्याच्या वाटेची. वर्तमानपत्रातील जाहिरात त्यांना परवडत नाही आणि प्रदर्शने वर्षातून चार दिवस. मोबाइल मात्र हाताशी असतो. तेव्हा फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर एखादी पाककृती स्पर्धा, रांगोळी स्पर्धा, दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा जाहीर करावी, चार बक्षिसे ठेवावीत आणि आपले नाव चार घरी पोहोचवावे, ही कल्पना स्वाभाविक आहे आणि चांगलीही आहे.

मात्र या वाटेवर खाचखळगे आहेत. मोठ्या कारखानदाराजवळ वकील असतो, हिशेबनीस असतो. बचत गटाजवळ असतो तो केवळ पंचक्रोशीचा विश्वास. एक स्पर्धा चुकीच्या रीतीने पार पडली तर तोच विश्वास गमावण्याची वेळ येते. म्हणून हा विषय आपण गंभीरपणे समजून घेतला पाहिजे.

स्पर्धा म्हणजे जाहीर वचन

स्पर्धेची जाहिरात हे एक वचन असते. ते चारचौघांत दिलेले असते आणि मोबाइलवर दिलेले असल्यामुळे त्याची नोंद कायम राहते. आपल्या कायद्यानेही ही गोष्ट मानली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यामध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात बक्षिसांसंबंधी स्वतंत्र तरतूद आहे. देण्याचा हेतू नसताना बक्षीस जाहीर करणे ही अनुचित प्रथा होय. वस्तूच्या किमतीतच बक्षिसाचा खर्च धरून ते फुकट असल्याचा भास निर्माण करणे हीदेखील अनुचित प्रथाच. एवढेच नव्हे, तर योजना संपल्यानंतर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणे, हेही कायद्याला मान्य नाही. ज्या वृत्तपत्रात योजना जाहीर केली, त्याच वृत्तपत्रात वाजवी मुदतीत आणि ठळकपणे निकाल प्रसिद्ध झाला, तर तो कळविला असे धरले जाते. मोबाइलच्या युगातही यातील बोध तोच आहे : जेथे हाक दिली, तेथेच निकाल सांगावा.

याच व्याख्येत आणखी एक कडक शब्दयोजना आहे. मालाची विक्री वाढविण्यासाठी भरविलेल्या स्पर्धा, सोडती, नशिबाचे वा कौशल्याचे खेळ यांचाही, विहित केलेले अपवाद वगळून, तीत उल्लेख आहे. म्हणून खरेदीची अट घालून बक्षिसाचे आमिष दाखविण्याचा मोह टाळावा आणि मोठी योजना आखण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच घडल्यास ही मर्यादा पन्नास लाखांपर्यंत जाते. लहान उद्योगाला एवढा मोठा दंड होईलच असे नाही. पण कायदा लहानासाठी वेगळा नाही, याचे भान असावे.

कौशल्य की नशीब ?

स्पर्धा आणि सोडत यांतील भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही. या भेदाचा इतिहास आपल्याच राज्याशी निगडित आहे. एके काळी बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी मोठा जोर धरला होता. प्रवेश शुल्क भरायचे, कोडे सोडवायचे आणि मोठ्या रकमेची वाट पाहायची. मुंबई राज्याने १९४८ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. बंगलोरहून निघणाऱ्या एका वृत्तपत्रातील कोड्यांमुळे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. स्पर्धकाचे उत्तर बरोबर की चूक हे त्याच्या शब्दज्ञानावर ठरत नसे. आयोजकाने आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ते जुळते की नाही, यावर ते अवलंबून असे. १९५७ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण मिळू शकत नाही. दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा केला होता. अक्षरे, शब्द वा आकडे जुळविण्याच्या कोड्यांवरील बक्षिसांना त्याने मर्यादा घातली. जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, त्या स्पर्धांना हा कायदा लागू होत नाही, असाही खुलासा न्यायालयाने केला.

यातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. पैसे भरून किंवा माल विकत घेऊन भाग घ्यायचा आणि चिठ्ठी उचलून बक्षीस द्यायचे, असे झाले की ती स्पर्धा राहत नाही, सोडत होते. सोडतींचा अधिकार शासनाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार अनधिकृत सोडतीचे कार्यालय चालविणे हा गुन्हा आहे आणि अशा सोडतीवर पैसे वा वस्तू देण्याची जाहिरात करणे हाही गुन्हा आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्धही २०२५ साली संसदेने कडक कायदा केला. तेव्हा आपल्या गटांना तीन मुद्द्यांचे सूत्र सांगावे : विनामूल्य प्रवेश, खरे कौशल्य, उघड निकाल.

माध्यमांचे स्वतःचे नियम

“हा मजकूर आपल्या भिंतीवर टाका, पाच मित्रांची नावे जोडा आणि बक्षीस मिळवा,” अशी आवाहने आपण रोज पाहतो. ती सर्रास दिसतात म्हणून ती नियमाला धरून आहेत असे नव्हे. फेसबुकच्या नियमांनुसार वैयक्तिक भिंतीवर मजकूर टाकण्याची किंवा मित्रांची नावे जोडण्याची अट स्पर्धेसाठी घालता येत नाही. व्यवसायाच्या पानावर उत्तर लिहिण्यास सांगता येते. छायाचित्रात जी व्यक्ती नाही तिचे नाव त्यावर जोडण्यास सांगणे इन्स्टाग्रामला मान्य नाही. स्पर्धेशी त्या कंपनीचा काहीही संबंध नाही, असे आयोजकाने स्पष्ट लिहावे, अशीही या माध्यमांची अट आहे. नियम मोडल्यास पान बंद होऊ शकते आणि वर्षानुवर्षे जोडलेले ग्राहक एका दिवसात दुरावतात.

पसंतीच्या आकड्यांवर विजेता ठरविण्याची पद्धतही सदोष आहे. ज्याचे गणगोत मोठे, त्याला पसंती अधिक. शिवाय अशा पसंत्या विकतही मिळतात. मग उत्तम रांगोळी काढणारी मुलगी मागे राहते आणि ज्याच्या ओळखी अधिक तो बक्षीस नेतो. अशा निकालाने समाधान कोणाचेच होत नाही. गावात कुरबूर मात्र होते.

एक कल्पित उदाहरण

समजा, एका गटाला मसाल्याच्या प्रसिद्धीसाठी “आमच्या घरची आमटी” अशी स्पर्धा घ्यावयाची आहे. पहिले बक्षीस २,००० रुपये, दुसरे १,०००, तिसरे ५०० आणि पाच उत्तेजनार्थ बक्षिसे प्रत्येकी १०० रुपयांच्या मसाल्याची. बक्षिसांची एकूण रक्कम ४,००० रुपये झाली. परीक्षकांचा प्रवास व टपाल यांस ८०० रुपये धरले, म्हणजे खर्च ४,८०० रुपये. एका पाकिटामागे गटाला ४० रुपये सुटत असतील, तर नेहमीपेक्षा १२० पाकिटे अधिक खपली तरच हा खर्च भरून निघेल. हा हिशेब जाहिरात करण्यापूर्वी मांडावा. नंतर मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकाला “आमचे नाव कोठे कळले ?” असे विचारून वहीत टिपून ठेवावे. पानाला किती जणांनी पसंती दिली यापेक्षा ही वही अधिक खरे बोलते.

आता नियम. भाग कोण घेऊ शकतो, प्रवेशिका कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत स्वीकारल्या जातील, निकाल केव्हा आणि कोठे लागेल, बक्षीस किती दिवसांत पोहोचेल, हे सर्व पहिल्याच दिवशी साध्या मराठीत लिहावे आणि नंतर बदलू नये. मसाला कोणताही वापरला तरी चालेल, असे स्पष्ट म्हणावे. गटातील सभासद व परीक्षक यांच्या घरच्यांनी भाग घेऊ नये. परीक्षक तीन असावेत. त्यांतील निदान दोन गटाबाहेरचे असावेत. गुण कशाला मिळणार, तेही आधी सांगावे. छायाचित्रावरून चव कळत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाते. म्हणून पहिल्या फेरीत पाककृतीची स्पष्टता, स्थानिक जिन्नसांचा वापर आणि नावीन्य यांना गुण द्यावेत आणि निवडक पाच जणींना परीक्षकांसमोर आमटी करावयास बोलवावे. गुणपत्रके जपून ठेवावीत. कोणी शंका काढली तर ती पुढे ठेवता येतात आणि शंका तेथेच मिटते.

बक्षीस मोठे असेल तर प्राप्तिकराचाही विचार करावा लागतो. सोडती, शब्दकोडी आणि तत्सम खेळांतील दहा हजार रुपयांहून अधिक बक्षिसावर ३० टक्के दराने कर आधीच कापून भरावा लागतो. बक्षीस वस्तुरूप असले, तर ती वस्तू देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करावी लागते. लहान गटांनी बक्षिसे लहान ठेवणेच इष्ट.

नावे, चित्रे आणि माहिती

शिवजयंतीच्या निमित्ताने अनेक व्यावसायिक स्पर्धा घेतात. छत्रपती शिवाजी महाराजांवरील आपली भक्ती खरी असली, तरी त्यांचे नाव वा चित्र व्यापारासाठी परवानगीवाचून वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. महात्मा गांधींच्या बाबतीतही तसेच आहे. राजमुद्रा किंवा शासनाचे चिन्ह जाहिरातीवर छापणे तर सर्वथा टाळावे.

स्पर्धकांकडून घ्यावयाची माहितीही मर्यादित असावी. नाव, गाव आणि संपर्काचे साधन एवढे पुरेसे आहे. आधार क्रमांक, जन्मतारीख, बँकेचा तपशील सर्वांकडून मागण्याचे कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला असून त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात येण्याची योजना आहे. त्यांतील तत्त्व साधे आहे : संमतीने घ्यावी, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी. विजेत्या भगिनीचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी तिला विचारावे; तिने नको म्हटले तर बक्षीस रोखू नये.

आपली जबाबदारी

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, व्यापारी स्पर्धेचा मजकूर शाळेच्या पालकगटात पाठविण्यापूर्वी त्यामागे कोण आहे ते पाहावे. बालकांना भेटवस्तूंचे आमिष दाखवून अनावश्यक खरेदीस प्रवृत्त करणाऱ्या जाहिराती टाळाव्यात, असे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. पंचायत सदस्यांनी आपला फोटो वा पंचायतीचे नाव कोणत्याही स्पर्धेसाठी सहज देऊ नये. आपले नाव पाहून लोक निर्धास्त होतात.

त्याचबरोबर फसव्या स्पर्धांविषयी लोकांना सावध करणे हेही आपले काम आहे. प्रसिद्ध दुकानासारखेच नाव घेऊन बनावट पान उघडायचे, “आपणांस बक्षीस लागले आहे, पाठविण्याचा खर्च तेवढा भरा” असा निरोप धाडायचा आणि पैसे घेऊन नाहीसे व्हायचे, हा प्रकार सर्वत्र चालू आहे. खरे बक्षीस मिळवण्यासाठी कोणाला अनोळखी खात्यावर पैसे पाठवावे लागत नाहीत आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांकही सांगावा लागत नाही. कोणी फसलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे. वेळेत कळविल्यास रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते. ग्राहकांच्या इतर तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत, असे मी सुचवितो.

भगिनींनो, शेवटी एवढेच सांगतो. हरलेल्या स्पर्धकांची संख्या विजेत्यांपेक्षा नेहमीच अधिक असते आणि उद्याचे ग्राहक त्यांच्यातूनच यावयाचे असतात. दोनशे जणींनी भाग घेतला आणि आठ जणींना बक्षीस मिळाले, तर उरलेल्या एकशे ब्याण्णव जणींना “निवड न्यायाने झाली” असे वाटले पाहिजे. त्यांना तसे वाटले तर त्या आपल्या मसाल्याचे पाकीट आपण होऊन मागवतील. निकाल लागल्यावर त्या प्रत्येकीला आभाराचे दोन शब्द लिहावयास विसरू नका. त्याला खर्च काही येत नाही.